विमानातल्या जेवणासाठी कंपोस्टेबल भांडी: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

फ्लाइट किचनमध्ये कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी भांडी आणायचे ठरले की पहिला फोन पुरवठादाराला जातो. नमुने येतात, साहेबांच्या टेबलावर मांडले जातात, सगळ्यांना रंग आवडतो, ऑर्डर सुटते. चार महिन्यांनी कोणीतरी विचारते, ‘हे खाली उतरल्यावर जाते कुठे?’ आणि कळते की सगळे मिक्स कचऱ्यात जाते आहे. आधी कळस, मग पाया. मी किचनच्या क्वालिटी विभागात होतो तेव्हा हे दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा तर सही माझीच होती.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. सुरुवात कचऱ्यापासून करायची, पुरवठादाराला फोन चौथ्या टप्प्यावर. किचनच्या खरेदी विभागातल्यांसाठी आणि विमान कंपन्यांना माल देऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या भांड्यांच्या छोट्या कारखानदारांसाठी हे लिहितो आहे.

टप्पा १: भांडे उतरल्यावर कुठे जाणार ते आधी लिहून काढा

एक कागद घ्या. डावीकडे सेक्टर, म्हणजे कुठून कुठे जाणारे विमान ते लिहा, उजवीकडे त्या विमानातला कचरा कोणत्या स्टेशनवर, म्हणजे विमानतळावर उतरतो आणि तिथून कोण नेतो ते लिहा. बेसवरून, म्हणजे तुमचे किचन असलेल्या विमानतळावरून निघून त्याच दिवशी बेसवर परतणारी देशांतर्गत विमाने वेगळी काढा. तुमच्या हातात राहतो तो कचरा एवढाच. बाहेरच्या स्टेशनवर उतरणारा कचरा दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि तिथल्या व्यवस्थेवर तुमचे काही चालत नाही.

आंतरराष्ट्रीय सेक्टरवर मोठी काट मारावी लागते. युरोपीय संघाच्या १०६९/२००९ या नियमानुसार, संघाबाहेरून आलेल्या विमानातला जेवणाचा कचरा पहिल्या वर्गातला, म्हणजे सर्वांत धोक्याचा मानला जातो. तो जाळायचा किंवा परवानगी असलेल्या जागी पुरायचा, कंपोस्ट करायचा नाही. अमेरिकेत कृषी खात्याचे नियमही त्याच वळणाचे आहेत: परदेशातून आलेला अन्नाचा कचरा जाळून राख करा, नाहीतर १०० अंशांवर ३० मिनिटे शिजवून मग पुरा. जनावरांचे आणि पिकांचे रोग देशात शिरू नयेत हा त्यामागचा हेतू. अन्न लागलेली थाळीही याच्यातच आली. मुंबईहून फ्रँकफर्टला गेलेली तुमची प्रमाणित, महागडी थाळी तिथे भट्टीतच जाते.

माझे मत स्पष्ट आहे. अशा सेक्टरवर कंपोस्टेबलवर पैसे घालू नका. तिथे धुऊन पुन्हा वापरायची भांडी ठेवा, नाहीतर ट्रेवरच्या वस्तूच कमी करा.

आता उरलेल्या देशांतर्गत कचऱ्यासाठी कंपोस्ट प्लांट शोधा. फोनवर ‘हो हो, घेतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्वतः जाऊन हे बघा:

- ढीग किती दिवस ठेवतात? प्रमाणपत्राच्या चाचणीत वस्तूचे तुकडे पडायला १२ आठवडे दिलेले असतात. प्लांट ४५ दिवसांत ढीग चाळत असेल तर तुमचे चमचे चाळणीवर जसेच्या तसे राहणार आणि प्लांटवाला ते लँडफिलला पाठवणार.
- ढिगाच्या पोटातले तापमान किती? लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ५५ ते ६० अंश टिकत नसतील तर पीएलए (मक्यासारख्या पिकापासून केलेले कंपोस्टेबल प्लास्टिक) वर्षभर तसेच पडून राहील.
- प्लांट कंपोस्टचा आहे की बायोगॅसचा? बायोगॅसच्या टाकीत ३५-३७ अंशांवर पीएलए जवळजवळ जसेच्या तसे राहते, आणि बगॅसच्या थाळ्या वर तरंगून पंप अडवतात. बायोगॅसवाल्याला भांडी नकोच असतात, फक्त अन्न हवे असते.

सावधान: ‘२४ तासांत खत’ म्हणून विकली जाणारी यंत्रे कचरा दळतात आणि सुकवतात. बाहेर येतो तो कोरडा भुगा, खत नव्हे. त्यात पीएलएचे तुकडे तसेच असतात.

तपासणी: कांद्याची जाळीदार पोती घ्या. प्रत्येकीत एकाच प्रकारच्या २० वस्तू आणि थोडे खरकटे भरा, रंगीत सुतळीने खूण करा आणि ढिगाच्या मध्यावर पुरा. ३०, ६० आणि ९० दिवसांनी उघडून फोटो काढा. यासाठी लागणारे मोजके नमुने बाजारातून विकत घ्या, अजून कोणालाही ऑर्डरचा शब्द द्यायचा नाही. हे ९० दिवस वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो. पुढचे टप्पे याच काळात चालवता येतात, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

टप्पा २: ट्रेवरची एकूण एक वस्तू मांडा

एक तयार ट्रे उचला आणि टेबलावर सुटा करा. कॅसरोल (गरम जेवणाचे, ओव्हनमध्ये जाणारे भांडे), त्याचे झाकण, सॅलडची वाटी, गोडाची वाटी आणि तिचे पारदर्शक झाकण, पाण्याचा ग्लास, चमच्यांचे पाकीट, नॅपकिन, मीठ-मिरीच्या पुड्या, लोणचे, बटर, टूथपिक. बहुतेक जण इथे थांबतात.

आता कॅसरोलच्या झाकणावर बघा. तिथे वार दाखवणारा रंगीत गोल स्टिकर आहे. शेजारी शाकाहारीचा हिरवा ठिपका. स्पेशल मील असेल तर एव्हीएमएल (भारतीय शाकाहारी) किंवा व्हीजेएमएलचे (जैन) लेबल. हे सगळे बहुधा प्लास्टिकचे, आणि त्यांचा गोंदही कंपोस्ट न होणारा. एका ट्रेवर असे तीन-चार स्टिकर सहज निघतात. चाळलेल्या खतात मला सर्वांत आधी दिसले ते हेच: काळ्या मातीत निळे, पिवळे, हिरवे ठिपके, रंगसुद्धा उडालेला नव्हता. प्लांटवाल्याने मूठभर खत माझ्या हातावर ठेवले, बोलला काहीच नाही.

नियम एकच: एका ट्रेवर सगळे कंपोस्टेबल, नाहीतर काहीच नाही. पारदर्शक पीएलएचा ग्लास आणि पेटचा (पाण्याच्या बाटलीच्या नेहमीच्या प्लास्टिकचा) ग्लास शेजारी ठेवले तर मलाही चटकन ओळखू येत नाहीत. मग रात्री अडीचला उतरलेल्या विमानाच्या ट्रॉल्या रिकाम्या करणाऱ्या पोराने ते कसे ओळखायचे? पाण्यात टाकून बघितले तरी दोन्ही बुडतात. एका ट्रेवर दोन्ही असले की कंपोस्टमध्ये पेट जाते आणि पेटच्या गठ्ठ्यात पीएलए जाते, म्हणजे दोन्हीकडचा माल नासतो.

ज्या वस्तूला पर्याय मिळत नाही ती ट्रेवरून काढा. लोणचे वाटीतच वाढा, मीठ-मिरी मागेल त्याला द्या. एअर इंडियाने २०१९ मध्ये असेच सोपे बदल केले होते: केळ्याचे वेफर्स आणि सँडविच बटर पेपरच्या पाकिटात, स्पेशल मीलबरोबर बर्च लाकडाचे चमचे, क्रूच्या जेवणाला हलके स्टील. नवे मटेरियल शोधण्याआधी एवढे तरी होते का ते बघा.

टप्पा ३: मटेरियल निवडताना गरम आणि थंड वेगळे करा

साधे पीएलए ५५-६० अंशांच्या आसपास मऊ पडते. ते फक्त थंड पदार्थांना: सॅलड, फळे, पाणी. चहा-कॉफीच्या झाकणांना आणि चमच्यांना सीपीएलए (जास्त उष्णता सोसेल असे केलेले पीएलए) घ्या, ते साधारण ८५ अंशांपर्यंत आकार सोडत नाही. केबिनमधला दाब कमी असल्याने पाणी तिथे ९२ अंशांच्या आसपासच उकळते आणि कपात येईपर्यंत आणखी निवते, त्यामुळे हे झाकण निभावते. ओव्हनमध्ये मात्र यातले काहीही जाणार नाही.

ओव्हनमध्ये जाणाऱ्या कॅसरोलला बगॅस किंवा जाड बोर्ड लागतो. बगॅस उष्णता सोसतो, खरा शत्रू ओल आणि तेल. तेल अडवण्यासाठी कारखाने पूर्वी सर्रास फ्लोरीनयुक्त रसायने, म्हणजे पीएफएएस वापरत. काही अजूनही वापरतात. ही रसायने कुजत नाहीत, खतातून थेट शेतात जातात. युरोपच्या ईएन १३४३२ मानकात फ्लोरीनची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतील बीपीआय ही प्रमाणन संस्थाही २०२० पासून तीच मर्यादा लावते. पुरवठादाराकडे ‘पीएफएएस नाही’ असे पत्र मागू नका, एकूण फ्लोरीनचा लॅब रिपोर्ट मागा.

कागदी ग्लासाला आतून पॉलिथिनचे अस्तर असेल तर तो कंपोस्टेबल नाही, बाहेरून कितीही तपकिरी दिसो. लाकडी चमचे चांगले, पण कडा हाताने चाचपून बघा, ओठाला कूस लागली की तक्रार आलीच.

कोकणातल्या उत्पादकांसाठी एक गोष्ट. सुपारीच्या पानांच्या प्लेट दिसायला सुंदर आहेत, पण अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) मे २०२५ मध्ये त्यांच्यावर हरकत घेतली आहे, कारण सुपारीतली अ‍ॅरेकोलीनसारखी द्रव्ये अन्नात उतरू शकतात. परदेशी विमान कंपनीकडे हा माल घेऊन जाल तर पहिला प्रश्न हाच येईल.

टप्पा ४: कागदपत्रे, आणि आता पुरवठादाराला फोन

भारतात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या यांवर बंदी आहे. कंपोस्टेबल प्लास्टिकला तीतून सूट आहे, पण आयएस १७०८८ मानक आणि विक्रीआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र या अटींवर. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना वेगळी, आणि तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. ऑर्डरच्या महिन्यात लागू असलेला मजकूर राज्याच्या मंडळाकडून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ नको.

कागद हातात आला की तीन जागी बोट ठेवा.

पहिली, वस्तूचे नाव. पुष्कळदा प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कच्च्या दाण्याचे असते आणि दाखवले जाते चमच्याचे. दाणा प्रमाणित असला तरी रंग, शाई, गोंद मिसळून झालेली वस्तू प्रमाणित होत नाही.

दुसरी, जाडी. चाचणी ठरावीक जाडीपर्यंतच लागू असते. त्यापेक्षा जाड चमचा तोच कागद दाखवून विकला जात असेल तर तो कागद रद्दी.

तिसरी, शब्द. ‘बायोडिग्रेडेबल’, ‘ऑक्सो’ (रसायन मिसळून नुसते तुकडे पडतील असे केलेले प्लास्टिक), ‘अर्थ फ्रेंडली’ म्हणजे ‘कंपोस्टेबल’ नव्हे. ऑक्सो प्रकारच्या प्लास्टिकवर युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून बंदीच घातली. त्याच कायद्यात पीएलएचे चमचे आणि प्लेटसुद्धा प्लास्टिकच धरले जातात. तिथल्या स्टेशनवरून लोड होणाऱ्या जेवणाला तुमचा माल देणार असाल तर लाकूड किंवा अस्तर नसलेला बगॅस, बस्स.

निव्वळ बगॅसचे भांडे कंपोस्टेबल ‘प्लास्टिक’ नसते, त्यामुळे त्याला तेच प्रमाणपत्र मागून पुरवठादाराला फेऱ्या मारायला लावू नका. त्याच्याकडून कंपोस्ट होण्याचा चाचणी अहवाल आणि अन्नसुरक्षेचे अहवाल घ्या. आत प्लास्टिकचे अस्तर असेल तर आयएस ९८४५ ची मायग्रेशन चाचणी (भांड्यातले द्रव्य अन्नात किती उतरते ती) हवीच. तिची मर्यादा अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम.

टप्पा ५: चाचण्या, सगळ्या एकाच भांड्यावर

हा टप्पा नीट वाचा, सर्वांत जास्त माल इथेच फसतो. सगळे जण प्रत्येक चाचणीला नवे भांडे घेतात. तेलाला एक, ओव्हनला दुसरे, ट्रॉलीत बसते का बघायला तिसरे. सगळी पास. मग विमानात कॅसरोलचा तळ सुटतो. कारण प्रत्यक्षात एकच भांडे आधी चिलरमध्ये ओलावते, मग ओव्हनमध्ये तापते आणि मग भरलेले असताना एका हाताने उचलले जाते.

म्हणून २० भांडी घ्या, मेन्यूतला सर्वांत वाईट पदार्थ भरा आणि तीच २० शेवटपर्यंत न्या. वाईट म्हणजे पातळ आणि तेलकट. पुलाव भरून चाचणी करणे म्हणजे स्वतःची फसवणूक. तर्री असलेला रस्सा किंवा दाल मखनी घ्या.

१. रिकामे भांडे वजन करा, तळाला नंबर घाला. जुन्या फॉइलपेक्षा झाकणासह ७ ग्रॅम वाढले तर १८० प्रवाशांमागे सव्वा किलो होतात, दिवसाच्या सहा फेऱ्यांना साडेसात. विमान कंपनीचा माणूस पहिल्या बैठकीत हाच आकडा विचारतो.

२. तुमच्या नेहमीच्या डिशिंगच्या पद्धतीने भरा, झाकण लावा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून ५ अंशांच्या खालच्या कोल्डरूममध्ये ठेवा. वेळ तुमच्या सर्वांत लांब होल्डइतका, म्हणजे भरलेले जेवण जास्तीत जास्त जितके थांबते तितका, १२ तास असेल तर १२, उशिरा सुटणारी विमाने धरून वर आणखी ४. नंतर कागद बघा. हळदीचा पिवळा डाग दिसला की भांडे नापास. आम्ही एकदा १६ तासांनी भांडे उचलले तर बाहेरून हाताला कोरडे लागत होते, पण कागदावर चार ठिपके होते, बरोबर तळाच्या चार कोपऱ्यांत. साच्यात कोपऱ्याला लगदा पातळ बसतो, तेल तिथून वाट काढते.

३. काठ मोजा. ओल पिऊन बगॅस दोन-तीन मिलिमीटर फुगतो. मग झाकण उचलते आणि भांडे ओव्हनच्या रॅकमध्ये अडकते. मोजणी ओव्हनच्या खऱ्या रॅकवर आणि तुमच्या ट्रॉलीतच करा, अ‍ॅटलास या ट्रॉलीच्या ठरलेल्या मापाच्या कागदी आराखड्यावर नव्हे.

४. ओव्हन. विमानात आहे त्याच प्रकारच्या ओव्हनमध्ये, विमान कंपनीच्या सेटिंगवर, पूर्ण वेळ आणि वर ५ मिनिटे. क्रूला मध्येच टर्ब्युलन्समुळे बसावे लागते, जेवण आत राहते, ती ही ५ मिनिटे. ओव्हनच्या भिंतीजवळची भांडी वेगळी तपासा, काठ तिथे आधी करपतो.

५. बाहेर काढल्याबरोबर, थंड होऊ न देता, एका बाजूने दोन बोटांत धरून उचला. ट्रेवर ठेवा. सुरीने पराठा किंवा चिकन कापा. तळ फाटतो तो इथे, आणि सीपीएलएची सुरी तुटते तीही इथेच.

सावधान: रिकामे किंवा कोरडे अन्न भरलेले तंतूचे भांडे ओव्हनमध्ये करपून धूर करू शकते. केबिनमध्ये धूर म्हणजे साधी तक्रार नसते. विमान कंपनीच्या सेफ्टी विभागाच्या लेखी मान्यतेशिवाय एकही भांडे लोड करू नका, ट्रायल म्हणूनसुद्धा.

सीलबंद वाट्यांची आणखी एक चाचणी आहे. केबिनचा दाब ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका, म्हणजे जमिनीवरच्या साधारण तीनचतुर्थांश असतो. मुंबईत समुद्रसपाटीला सील केलेली दह्याची वाटी वर गेल्यावर फुगते. कंपोस्टेबल फिल्मचा सील जुन्या फिल्मइतका घट्ट बसेलच असे नाही. व्हॅक्यूम चेंबरमध्ये ७५ किलोपास्कलवर अर्धा तास ठेवा. चेंबर नसेल तर पॅकेजिंगच्या कोणत्याही लॅबमध्ये हे होते. दह्याने भरलेल्या वाट्याच ठेवा, रिकाम्या नकोत.

तपासणी: २० पैकी एकही भांडे पाचव्या पायरीवर फाटले तर परत तिसऱ्या टप्प्यावर जा. ‘पाच टक्केच आहे’ असे म्हणू नका. १८० जणांच्या विमानात पाच टक्के म्हणजे नऊ जणांच्या मांडीवर रस्सा.

टप्पा ६: साठवण

थोडक्यात. पीएलए उन्हापासून वाचवा, बगॅस पावसापासून. मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात आमची पीएलएची झाकणे आठवडाभर राहिली. खोके उघडले तर गोल झाकणे अंड्यासारखी झालेली, एकही ग्लासावर बसेना. बगॅसला जुलैत काळे ठिपके येतात. खोकी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आधी आलेला माल आधी बाहेर.

टप्पा ७: एकाच सेक्टरवर ट्रायल

पहिल्या टप्प्यातल्या कागदावरून असा एक सेक्टर निवडा की ज्याच्या ट्रॉल्या त्याच दिवशी तुमच्याच किचनला परत येतात. चार आठवडे. एकदम सगळी विमाने बदललीत तर चूक कुठे झाली ते सापडणार नाही.

क्रूला लांबलचक माहितीपत्रक देऊ नका, वाचायला त्यांना वेळ नसतो. एकच वाक्य द्या: ‘ट्रे जसाच्या तसा ट्रॉलीत परत, वेगळे काही करू नका.’ वेगळे करायचे काम खाली, ऑफलोडच्या, म्हणजे परत आलेल्या ट्रॉल्या रिकाम्या करायच्या टेबलावर. तिथे दोनच डबे ठेवा. ट्रेवरचे सगळे एका डब्यात. प्रवाशांनी ट्रेवर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर्तमानपत्र, चॉकलेटचे कागद दुसऱ्यात. या टेबलावरच्या माणसांना ट्रायलच्या आधी प्लांटवर एकदा घेऊन जा. आम्ही नेले होते. चाळणीवर अडकलेला स्टिकर त्यांनी स्वतः पाहिल्यावर मला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

रोज चार आकडे लिहा: किती ट्रे गेले, किती परत आले, कंपोस्टच्या डब्याचे वजन, आणि त्या डब्यातून हाताने काढलेल्या परक्या वस्तूंची संख्या. शेवटचा आकडा खरा. तो दुसऱ्या आठवड्यात खाली यायला हवा. येत नसेल तर दोष माणसांवर टाकण्याआधी ट्रेवर कोणती वस्तू दिसायला फसवी आहे ते शोधा.

एव्हाना कांद्याच्या पोत्यांचा ९० दिवसांचा निकालही आलेला असेल. ट्रायल चांगली आणि पोते वाईट, असे झाले तर पोत्याचे ऐका.

टप्पा ८: दुसरी ऑर्डर

पहिला माल कारखानदार जीव ओतून करतो. घसरण होते ती तिसऱ्या-चौथ्या लॉटला: लगदा बदलतो, साचा झिजतो, तेल अडवणारे रसायन स्वस्तातले येते. करारात दोन ओळी घाला. मटेरियल किंवा रसायन बदलण्याआधी लेखी कळवायचे, आणि फ्लोरीनचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी नवा.

लॉट आला की कोणत्याही तीन खोक्यांतून पाच-पाच भांडी काढा. वजन करा, गरम तेलात हळद कालवून ओता, पांढऱ्या कागदावर अर्धा तास ठेवा. चारही कोपरे बघा. मग गाडी खाली करून घ्या.